फलकावरचे आडनाव आणि मागची खोली

अमेरिकेतल्या छोट्या गावात माणूस गेला की घरच्यांचा पहिला फोन ज्या ठिकाणी जातो, त्या ठिकाणाला बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाचे नाव असते. फलकावर आडनाव, त्यापुढे ‘आणि मुलगे’, खाली स्थापनेचे वर्ष. देशात आज सुमारे १९ हजार फ्युनरल होम्स आहेत आणि त्यांतली बहुसंख्य अजून कुटुंबांच्या किंवा एकेकट्या मालकांच्या ताब्यात आहेत. या पिढीजात पेढ्यांकडे पाहण्याच्या दोन ठरलेल्या रीती आहेत. एका रीतीत त्या सचोटीच्या आणि सेवेच्या मूर्ती असतात. आता मोठ्या कंपन्या त्यांना गिळत आहेत म्हणून हळहळ व्यक्त केली जाते. दुसऱ्या रीतीत त्या शोकात बुडालेल्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्या असतात आणि त्यांचे जे होते आहे ते योग्यच होते आहे. या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे नीट पाहिले तर दोन्ही रीती अपुऱ्या ठरतात, असे माझे मत आहे. या पेढ्यांवर गावाने विश्वास टाकला तो घराण्याच्या रक्तामुळे नव्हे, तर ते घराणे रोज गावाच्या डोळ्यांसमोर राहत होते म्हणून. गावाची नजर जिथवर पोचली तिथवर हा व्यवसाय चांगला चालला. जिथे ती पोचत नव्हती, म्हणजे दरांत आणि मागच्या खोलीत, तिथे आडनावाने कसलीही हमी दिली नाही. म्हणून या पेढ्या टिकाव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आडनावांचे गोडवे गाण्यापेक्षा मागची खोली उघडण्याचा आग्रह धरायला हवा.

मुळात अशी खोलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत माणूस घरी मरत असे आणि घरातूनच जात असे. प्रेताला अंघोळ घालणे, कपडे चढवणे, डोळे मिटवणे, जबडा बांधणे ही कामे घरातल्या आणि शेजारच्या बायका करत. पेटी गावातला सुतार बनवी, कारण त्याच्याकडे लाकूडही होते आणि मापे घेण्याची सवयही होती. न्यायला गाडी घोड्यांचा तबेला चालवणारा देई. हळूहळू सुताराने किंवा फर्निचरच्या दुकानदाराने या सगळ्याची जुळवाजुळव स्वतःकडे घेतली, आणि अनेक गावांत टेबले, खुर्च्या, पलंग आणि शवपेट्या एकाच पाटीखाली विकल्या जाऊ लागल्या. आजच्या कितीतरी जुन्या फ्युनरल होम्सची वंशावळ अशा फर्निचरच्या दुकानापर्यंत जाते. या टप्प्यावर दुकानदार पेटी विकत होता आणि गाडी आणत होता, पण प्रेत घरच्यांच्याच ताब्यात होते. त्याला फसवायला वाव होता तो पेटीच्या लाकडात, आणि लाकूड तर सगळ्यांना दिसत होते.

हे चित्र यादवी युद्धाने बदलले. १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडची हजारो मुले घरापासून शेकडो मैलांवर मेली, आणि ज्यांना परवडत होते त्या कुटुंबांना ती परत हवी होती. रक्तवाहिन्यांत रसायन भरून शरीर टिकवण्याची पद्धत, म्हणजे एम्बामिंग, छावण्यांमागून फिरणाऱ्या तंत्रज्ञांनी या गरजेवर वाढवली. एप्रिल १८६५मध्ये लिंकन यांची हत्या झाली. त्यांचे एम्बामिंग केलेले पार्थिव वॉशिंग्टनहून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डपर्यंत जवळपास दोन आठवडे रेल्वेने नेले गेले. शहराशहरांत पेटी उघडली गेली, लाखो लोकांनी दर्शन घेतले आणि मेलेल्या माणसाचा चेहरा दिवसांमागून दिवस पाहता येतो ही कल्पना देशभर पोचली. १८८२मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, एम्बामिंग शिकवणारे वर्ग सुरू झाले, पुढच्या दशकापासून राज्ये परवाने देऊ लागली. तरीसुद्धा बराच काळ एम्बामर पंप आणि बाटल्या घेऊन लोकांच्या घरीच जात असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मात्र माणसे इस्पितळात मरू लागली, शहरांतली घरे लहान झाली, उपकरणे वाढली, आणि काम व्यावसायिकाच्या जागेत हलले. गावातली एखादी मोठी जुनी हवेली विकत घ्यायची. पुढचा ऐसपैस दिवाणखाना दर्शनासाठी, शेजारची खोली पेट्या मांडायला, मागे किंवा तळघरात फरशीची, मोरी असलेली खोली, आणि वरच्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड. त्या मागच्या खोलीत काय चालते ते स्पष्ट सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच खोलीभोवती फिरतो. मानेजवळची धमनी उघडून तिथून फॉर्मल्डिहाइडयुक्त द्रव पंपाने आत ढकलला जातो आणि शिरेतून रक्त बाहेर काढले जाते. पापण्यांखाली वाटीसारख्या चकत्या बसवतात, जबडा आतून तारेने किंवा टाक्याने मिटवतात, छाती-पोटातला द्रव पोकळ सुईने ओढून घेतात, मग केस, रंग, कपडे. चांगल्या हातांनी केलेले हे कसबाचे काम आहे. परंतु शेजारणी जे काम दिवसाउजेडी घरात करत होत्या, ते आता बंद दाराआड एक परका माणूस करू लागला, आणि घरच्यांना तयार चेहरा तेवढा दिसू लागला.

हे काम परक्याच्या हाती द्यायला गाव तयार का झाले? कारण तो परका तसा परका नव्हता. इथे थोडा हिशेब मांडू. अमेरिकेत वर्षाला दर हजार माणसांमागे साधारण नऊ मृत्यू होतात. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाकाठी पंचेचाळीसच्या आसपास. गावात एक पेढी कॅथलिकांची आणि एक प्रॉटेस्टंटांची असली, तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस-बावीस. एवढ्या कामावर इमारत, शवगाडी, परवानाधारक माणूस आणि रात्री दोन वाजताही उचलला जाणारा फोन सांभाळायचा, तर पगारी नोकर ठेवून जमत नाही. बायको फोन घेते आणि हिशेब ठेवते, मुलगा शाळेतून आल्यावर गाडी धुतो, म्हातारे वडील दारात उभे राहून लोकांचे स्वागत करतात. घर आणि धंदा एकाच छपराखाली असण्याचे मुख्य कारण हे अर्थशास्त्र आहे. त्यातच फर्निचरचे दुकान चालू ठेवावे लागे, आणि अनेक ठिकाणी ॲम्ब्युलन्ससुद्धा. गावात आडवे झोपवून माणूस नेता येईल अशी गाडी बहुधा एकच असे, ती म्हणजे शवगाडी. अपघात झाला की हाच माणूस धावत जाई. १९६६मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, तेव्हा देशातल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स सेवा सुमारे बारा हजार अंत्यविधी-व्यावसायिक चालवत असल्याचे त्यात नोंदले होते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ही व्यवस्था धोक्याची होती आणि ती बंद झाली हे बरेच झाले. पण तिच्यामुळे गावाशी पडलेली गाठ आपण समजून घेतली पाहिजे. जो माणूस तुमच्या आईला पुरणार, तोच तुमच्या भावाला इस्पितळात पोचवत होता, चर्चच्या समितीवर बसत होता, त्याची मुले तुमच्या मुलांच्या वर्गात होती. त्याने एकदा हयगय केली आणि ती कळली, तर त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. वडिलांनी बांधलेले घर, नाव आणि गिऱ्हाईक तिन्ही त्याच गावात अडकलेली होती.

आपल्याच समाजावर पोट अवलंबून असल्याने माणूस कसा वागतो, याचा सर्वांत ठळक पुरावा कृष्णवर्णीयांच्या फ्युनरल होम्समध्ये सापडतो. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेत गोरे व्यावसायिक कृष्णवर्णीयांची प्रेते घेत नसत, किंवा घेतली तर अपमानास्पद रीतीने. त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांचे उत्पन्न पूर्णपणे त्यांच्याच लोकांकडून येत असल्याने गोरा मालक किंवा गोरी बँक त्यांना सहज वाकवू शकत नव्हती. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. गॅस्टन यांनी दफनविमा आणि अंत्यविधी यांतून पैसा उभा केला, आणि १९६३च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांचा तळ गॅस्टन यांच्याच मोटेलमध्ये होता. त्याआधी १९५५मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली. प्रेत बंद पेटीतून शिकागोला पाठवण्यात आले आणि ती पेटी उघडायची नाही अशी अट होती. आई मेमी टिल यांनी मुलाला पाहायचेच असा हट्ट धरला, शिकागोतल्या ए. ए. रेनर यांच्या पेढीने पेटी उघडली, आणि हजारो लोकांनी तो छिन्नविच्छिन्न चेहरा पाहिला. वरून आलेली अट आणि समोर उभी असलेली आई यांतून त्या पेढीने आईची निवड केली. तिचे उत्तरदायित्व कोणाशी होते हे त्या निवडीतून दिसते, आणि मी ‘गावाची नजर’ म्हणतो ती हीच. शिकागो हे महानगर, तरी त्या वस्तीपुरते ते गावच होते.

पण ही नजर दरांपर्यंत कधी पोचली नाही. शोकाच्या वेळी किंमत विचारणे कंजूषपणाचे वाटते, आणि ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो त्याला तर विचारणे आणखी कठीण. ओळख जितकी जवळची तितका घासाघीस करण्याचा संकोच मोठा, हा कौटुंबिक पेढीचा दोष आहे आणि तो तिच्या गुणातूनच येतो. १९६३मध्ये जेसिका मिटफर्ड यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ प्रसिद्ध झाले. पेट्या कोणत्या क्रमाने मांडल्या म्हणजे गिऱ्हाईक महाग पेटीकडे वळते, कायद्याने सक्ती नसलेले एम्बामिंग सक्तीचे असल्यासारखे कसे भासवले जाते, सगळा खर्च एकाच गोळा रकमेत कसा लपवला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. व्यावसायिकांना राग आला आणि त्यांच्या बाजूनेही थोडे तथ्य होते. मिटफर्ड यांना प्रेताजवळ बसण्यात, शेवटचा चेहरा पाहण्यात काही अर्थच दिसत नव्हता. लोकांना तो दिसतो. मिशिगनमधल्या मिलफर्ड गावचे कवी आणि पिढीजात अंत्यविधी-व्यावसायिक थॉमस लिंच यांनी १९९७च्या ‘द अंडरटेकिंग’मध्ये या कामाची जी बाजू मांडली, ती मला पटते: मेलेल्याला शेवटपर्यंत सोबत करणे ही जिवंतांची गरज आहे. मात्र सोबत मोलाची आहे म्हणून तिचा दर झाकून ठेवावा, असे त्यातून निघत नाही. संघीय व्यापार आयोगाचा ‘फ्युनरल रूल’ १९८४मध्ये लागू झाला, तेव्हापासून समोर आलेल्या माणसाला बाबवार दरपत्रक हातात द्यावे लागते, फोनवर दर सांगावे लागतात, आणि पेटी बाहेरून आणली तरी नाकारता येत नाही. दरपत्रक आले म्हणून गावची पेढी बुडाली नाही. आणि तरीही जुनी सवय पूर्ण गेलेली नाही. आयोगाने गिऱ्हाईक असल्याचे भासवून अडीचशेहून जास्त फ्युनरल होम्सना फोन केले आणि जानेवारी २०२४मध्ये ३९ जणांना ताकीदपत्रे धाडली. त्यांतल्या बहुतेकांनी दर सांगायला नकार दिला होता किंवा एकाच सेवेचे वेगवेगळे दर सांगितले होते. नियम लागू होऊन चाळीस वर्षे झाल्यावरची ही गोष्ट आहे.

याच काळात फलकावरच्या आडनावाची स्वतंत्र विक्री होऊ लागली. ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी वडिलोपार्जित फ्युनरल होमच्या पायावर १९६२मध्ये सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल उभी केली. आज ती या क्षेत्रातली जगातली सर्वांत मोठी कंपनी आहे. कॅनडाच्या मॅनिटोबातल्या स्टाइनबाख गावचे रे लोवेन हेही वडिलांच्याच पेढीतून आलेले. दोघांनाही छोट्या पेढीची दुखरी नस ठाऊक होती: मुलांना हे काम नको असते आणि इमारत विकायला गिऱ्हाईक नसते. त्यांनी पेढ्या विकत घेतल्या, जुने मालक पगारावर व्यवस्थापक म्हणून ठेवले, आणि फलक तसाच राहू दिला. आसपासच्या पाच-सहा पेढ्यांसाठी एकच एम्बामिंगची जागा, एकच गाड्यांचा ताफा, म्हणजे खर्च वाचला. वाचलेला खर्च गिऱ्हाइकाला मिळाला का? ग्राहक संघटनांनी २०१७मध्ये केलेल्या दरांच्या तुलनेत या सर्वांत मोठ्या कंपनीचे दर स्वतंत्र पेढ्यांपेक्षा चांगलेच चढे आढळले. लोवेन यांची कंपनी मिसिसिपीत अडकली. बिलॉक्सीचे माजी महापौर जेरेमाया ओकीफ यांच्या कौटुंबिक पेढीशी केलेल्या कराराच्या वादात १९९५मध्ये जॅक्सनच्या ज्युरीने तिला ५० कोटी डॉलर भरायला सांगितले. तडजोड साडेसतरा कोटींवर झाली आणि १९९९मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्युरीच्या रागामागे अनेक कारणे असतील. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते वेगळे: आडनाव विकले जाते तेव्हा त्याच्यासोबत गावाशी असलेले उत्तरदायित्व विकले जात नाही, ते नाहीसेच होते. फलक पाहून फोन करणाऱ्याला ते कळतही नाही, कारण खरा मालक कोण हे फलकावर लिहायला संघीय नियम सांगत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरोखर वजनदार आहे. गावाची नजर एवढी परिणामकारक असेल, तर जॉर्जियातल्या नोबलचे काय? फेब्रुवारी २००२मध्ये या छोट्या वस्तीतल्या एका कौटुंबिक दहनगृहाच्या आवारात ३३४ प्रेते दहन न करता टाकून दिलेली सापडली. वडिलांनी धंदा सुरू केला, मुलाने पुढे चालवला. घराण्याला गावात मान होता. नातेवाइकांना अस्थी म्हणून सिमेंटची भुकटीही दिली गेली होती. २०२३मध्ये कोलोरॅडोतल्या पेनरोझमध्ये एका नवरा-बायकोच्या व्यवसायाच्या इमारतीत एकशे नव्वदच्या आसपास प्रेते कुजलेल्या अवस्थेत सापडली. दोन्ही ठिकाणे छोटी, दोन्ही धंदे घरचे. या घटना माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतात हे मी मान्य करतो, पण त्यांनी ते खोडून निघत नाही. उलट ते अधिक नेमके होते. नोबलच्या दहनगृहाचा लोकांशी थेट संबंधच येत नव्हता. आसपासच्या फ्युनरल होम्सकडून प्रेते येत, आणि कायद्यातल्या पळवाटेमुळे अशा ठिकाणाला परवाना आणि तपासणी लागू नव्हती. ज्या पेढ्यांनी प्रेते पाठवली त्यांच्यापैकीही कोणी आत जाऊन पाहिले नाही. ओळखीच्या घराण्यावर त्यांनीही विश्वास टाकला होता. कोलोरॅडोने १९८३मध्ये या व्यावसायिकांचे परवाने रद्द केले होते आणि २०२४पर्यंत ते परत आणले नव्हते. दोन्हीकडे दर्शनी बाजू गावाला दिसत होती आणि मागची बाजू कोणालाच दिसत नव्हती.

दुसरा आक्षेप छोट्या पेढीवाल्यांचा आहे: परवाने, तपासण्या, कागद यांचा बोजा कंपनीला पेलतो, वर्षाला वीस अंत्यविधी करणाऱ्या माणसाला नाही. हे खरे आहे, म्हणून कोणता नियम कशासाठी आहे ते वेगळे करून पाहावे लागते. लुइझियानात फक्त परवानाधारक फ्युनरल होमनेच पेट्या विकाव्यात असा कायदा होता आणि त्याच्या आधारे सेंट जोसेफ मठातल्या साधूंना त्यांच्या साध्या लाकडी पेट्या विकण्यापासून अडवण्यात आले. २०१३मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा कायदा रद्दबातल ठरवला, कारण त्यातून गिऱ्हाइकाचे कसलेही संरक्षण होत नव्हते, धंद्याचे मात्र होत होते. असे नियम जावेत. पण अचानक येऊन शीतगृहातली प्रेते आणि वहीतल्या नोंदी जुळतात का हे पाहणारा तपासनीस प्रामाणिक पेढीवाल्यावर काही ओझे टाकत नाही. वेबसाइटवर दर लावायला पैसे पडत नाहीत. फलकाखाली खऱ्या मालकाचे नाव लिहायलाही नाही. उलट जी पेढी खरोखर गावातल्या कुटुंबाची आहे, तिला या एका ओळीचा जेवढा फायदा होईल तेवढा दुसऱ्या कशाचा होणार नाही. छोट्या पेढ्यांच्या संघटना या तीन गोष्टींना विरोध करतात तेव्हा त्या स्वतःच्याच मुळावर येतात, असे मला वाटते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण दहनाने या धंद्याचा जुना हिशेब मोडला आहे. अमेरिकेतले पहिले दहनगृह १८७६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन या छोट्या गावात एका डॉक्टरने बांधले, आणि तिथे पहिले दहन झाले ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका सदस्याचे.  १९६०च्या दशकापर्यंत दहनाचे प्रमाण शंभरात पाचाच्या घरात होते. २०१५-१६च्या सुमारास त्याने दफनाला मागे टाकले आणि आज ते साठाच्या आसपास आहे. राष्ट्रीय संघटनेच्या २०२३च्या आकड्यांनुसार दर्शन आणि दफन असलेल्या अंत्यविधीचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर होता, दर्शन आणि दहनाचा ६,२८०. दर्शनाशिवायचे साधे दहन याहून कितीतरी स्वस्त पडते, आणि त्यात पेटीवरचा नफा उरत नाही. पेटीच्या नफ्यावर उभी असलेली छोटी पेढी त्यामुळे विकायला निघते. शिवाय दहन पूर्णपणे मागच्या खोलीतले काम आहे. दफनात निदान पेटी खड्ड्यात जाताना दिसते. भट्टीच्या दाराआड काय झाले हे हातात आलेल्या डब्यावरून कळत नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा संबंध नेमका इथे येतो. आपले लोक दहनच करतात, अंघोळ घालायला, तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायला तासभर खोली मागतात, भट्टीपर्यंत सोबत जाऊन कळ स्वतः दाबायची मुभा मागतात. अनेक फ्युनरल होम्स ती आनंदाने देतात. ही मागणी आपण रिवाज म्हणून करतो, पण तिच्यामुळे मागची खोली उघडली जाते, आणि त्या गावातल्या इतर गिऱ्हाइकांनाही तिचा उपयोग आहे. म्हणून ती संकोचाने करू नये. आणि तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी, माणूस गेल्यावर नव्हे तर आजच, विचारून ठेवाव्यात: बाबवार दरपत्रक, जे समोर गेल्यावर देणे त्यांना बंधनकारकच आहे, आणि फलकावरच्या आडनावाचा माणूस अजून मालक आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्या पेढीत जाऊ नये. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल आणि तो माणूस दहनगृह दाखवायला तयार असेल, तर थोडे जास्त पैसे पडले तरी काम त्यालाच द्यावे.